साका आणि निवळी : प्रस्तावना

दूध हा मराठी घरात रोज सकाळी तापवला जाणारा, सायीसाठी निवू दिला जाणारा आणि रात्री विरजला जाणारा पदार्थ आहे, आणि या नित्यक्रमात त्याला ज्या एका अवस्थेपासून जपले जाते ती अवस्था म्हणजे नासणे. उन्हाळ्यात दूध तापवायला दोन तास उशीर झाला, पातेल्याला आदल्या दिवसाच्या दह्याचा अंश चिकटून राहिला किंवा शिळ्या दुधात ताजे दूध मिसळले गेले, की तापवताना गुठळ्या होतात, पाणी वेगळे पडते आणि घरातले माणूस हळहळते. फार तर त्या नासकवणीत साखर घालून ती आटवली जाते. घरी करायच्या ताज्या चीजचे शास्त्र नेमके या अवस्थेपासून सुरू होते. तेथे दूध नासत नाही, ते नासवले जाते, म्हणजे कोणत्या तापमानाला, कोणत्या पदार्थाने, किती प्रमाणात आणि कोठे थांबून, हे सर्व आधी ठरवलेले असते. अकर्मक क्रियापदाचे सकर्मक होणे हाच प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे असे म्हटले तरी चालेल. कारण वेगळे झालेले पाणी आंबूस निघते की नितळ आणि गोडसर, आणि गुठळी रबरासारखी चिवट होते की लुसलुशीत, हे त्या आधी ठरवण्यावरच अवलंबून असते.

'चीज' म्हटले की बहुतेक वाचकांना डब्यातली किंवा कागदात गुंडाळलेली पिवळसर, खारट वडी आठवते. ती प्रक्रियायुक्त चीजची असते, म्हणजे मुरवलेले चीज बारीक करून, ते एकजीव राहावे म्हणून त्यात विशिष्ट क्षार मिसळून आणि उष्णतेने वितळवून पुन्हा साच्यात घातलेले असते. मुरवलेले चीज म्हणजे थंड व दमट कोठारात कित्येक आठवडे वा महिने ठेवून, जिवाणू आणि बुरशी यांच्याकरवी ज्याची चव व पोत हळूहळू पालटू दिला आहे असे चीज. ताज्या चीजला यातले काहीच लागत नाही. दूध घट्ट करायचे, त्याचे पाणी निथळायचे, हवे तर दाबायचे आणि त्याच दिवशी किंवा चार-सहा दिवसांत खाऊन संपवायचे, एवढाच त्याचा आयुष्यक्रम आहे. दूध फाटल्यावर जो घन भाग वेगळा होतो त्याला मराठी दुग्धशास्त्रात साका म्हणतात आणि जे हिरवट-पिवळे पाणी उरते त्याला निवळी म्हणतात. हे दोन्ही शब्द शेतीविषयक लेखनात रुळलेले आहेत, परंतु स्वयंपाकघरात ते अद्याप पोचलेले नाहीत, म्हणून या पुस्तकाने ते आग्रहाने वापरले आहेत. पनीर हा दाबलेला साका, छेना हा न दाबता निथळून मळलेला साका, आणि श्रीखंडाचा चक्का हा आधी दह्यात रूपांतर होऊन मग फडक्यात टांगलेला साका, असे पाहू लागले की परकी वाटणारी चीजची दुनिया बरीच ओळखीची होते.

दुधात प्रत्यक्ष काय घडते हे समजून घेतल्याशिवाय कृतींची यादी फारशी उपयोगी पडत नाही. दुधातील प्रथिनांपैकी सुमारे 80 टक्के भाग केसीनचा असतो. केसीन साखरेसारखे विरघळलेले नसते. कॅल्शियमच्या आधाराने बांधलेले त्याचे अतिसूक्ष्म पुंजके दुधात तरंगत असतात, आणि त्यांच्या पृष्ठभागावरील केसांसारख्या तंतूंमुळे व ऋण विद्युत्भारामुळे ते एकमेकांना दूर ठेवतात. दूध पांढरे दिसते ते बरेचसे या पुंजक्यांवरून प्रकाश विखुरला जातो म्हणून. पुंजके एकत्र यावेत यासाठी एक तर आम्ल घालून तो भार नाहीसा करावा लागतो, किंवा विकराने, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या जैविक पदार्थाने, ते तंतू कापावे लागतात. आम्लता ज्या मापाने मोजतात त्याला सामू म्हणतात आणि तो जितका कमी तितकी आम्लता अधिक. ताज्या दुधाचा सामू 6.7 च्या आसपास असतो आणि तो 4.6 पर्यंत उतरला की केसीनचा भार शून्यावर येऊन थंड दूधही साकळते. मात्र दूध आधी चांगले तापवलेले असेल तर निवळीतील प्रथिने उष्णतेने उलगडून केसीनला चिकटतात आणि मग 5.3 ते 5.4 इतक्या सामूलाच साका वेगळा होतो. उकळलेल्या दुधाचे पनीर फारसे आंबट का लागत नाही आणि थंड दुधाच्या साक्यापेक्षा ते वजनाला थोडे अधिक का भरते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे याच एका गोष्टीत आहेत.

उष्णता आणि आम्ल यांच्या या जोडीवर आधारलेला संप्रदाय भारतीय उपखंडात खास रुजलेला आहे आणि पुस्तकाने त्याला सर्वाधिक जागा दिली आहे ती योग्यच आहे. त्यातील निर्णायक क्षण जवळून पाहण्यासारखा असतो. उकळी आलेले दूध आचेवरून उतरवून काही मिनिटे थांबले, की 75 ते 80 अंश सेल्सियसच्या आसपास त्यात लिंबाचा रस किंवा पाण्यात विरघळवलेले सायट्रिक ॲसिड, ज्याला किराणा दुकानात लिंबाचे फूल म्हणतात, चमच्याचमच्याने घातले जाते. पहिल्या एक-दोन चमच्यांनी काहीच होत नाही. पुढच्या चमच्यांबरोबर पळीच्या पाठीवर बारीक रवाळ कण दिसू लागतात, पळी फिरवताना दूध किंचित जड वाटते, आणि मग पाहता पाहता ते दुभंगून गुठळ्यांच्या फटींतून हिरवट पाणी डोकावते. ते पाणी दुधट आणि गढूळ असेल तर आम्ल अजून अपुरे आहे. ते नितळ झाले की तेथेच हात थांबवावा, कारण त्यानंतरचा प्रत्येक चमचा साका आंबट करतो आणि त्याचा मऊपणा घालवतो. लिटरभर दुधाला सायट्रिक ॲसिड साधारण दोन ग्रॅम पुरते. परंतु लिंबू लिंबासारखे नसते आणि दूधही रोज सारखे नसते, त्यामुळे मापापेक्षा निवळीच्या रंगावर विश्वास ठेवण्याची या पुस्तकाची शिकवण अनुभवाला धरून आहे.

पनीर आणि छेना ही याच संप्रदायाची दोन घराणी होत, आणि त्यांच्यातील भेद दुधापासूनच सुरू होतो. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा ते आठ टक्के असतो, केसीन आणि कॅल्शियमही गाईच्या दुधापेक्षा अधिक असते, त्यामुळे त्याचा साका घट्ट, कापता येण्याजोगा आणि तेलात तळला तरी आकार न सोडणारा होतो; लिटरमागे साधारण 200 ग्रॅम पनीर मिळते ते म्हशीच्या दुधाचे, गाईच्या दुधाचे त्याहून कमी भरते. फडक्यात बांधून वजनाखाली दाबलेली वडी नंतर दोन-तीन तास थंड पाण्यात बुडवून ठेवण्याची पद्धत दुग्धालयांत आहे. ती घरातही पाळावी, कारण वडी लवकर थंड होऊन घट्ट बसते. छेन्याला उलट गाईचे दूध हवे असते आणि हात हलका हवा असतो. तो दाबत नाहीत; गार पाण्याने धुऊन, निथळून, परातीत तळव्याच्या उंचवट्याने इतकाच मळतात की रवाळपणा जावा आणि तळव्याला तुपाचा पुसटसा ओशटपणा लागावा. त्यापुढे मळले तर स्निग्ध सुटते आणि रसगुल्ला पाकात उकलतो. बंगालमधील मिठाईवाले आदल्या दिवशीची आंबवलेली निवळीच दूध फाडायला वापरतात, आणि लिंबापेक्षा तिने छेना अधिक मऊ होतो हा त्यांचा अनुभव घरीही पडताळून पाहता येतो.

विकराचा संप्रदाय यापेक्षा पूर्णपणे निराळा आहे. वासराच्या चौथ्या जठरात, म्हणजे दूध पचवणाऱ्या कप्प्यात, कायमोसिन नावाचे विकर असते. त्या जठराच्या अर्काला रेनेट म्हणतात. कोमट, 30 ते 35 अंशांच्या दुधात रेनेटचे काही थेंब घातले आणि पातेले न हलवता ठेवले, की अर्ध्या-पाऊण तासात सारे दूध एका अखंड, गोड, थरथरत्या वडीत बदलते. त्यात सुरीचे पाते तिरके घालून हलकेच वर उचलले आणि काप स्वच्छ, टोकदार कडांनी उघडून त्यात नितळ निवळी साचली, तर साका तयार झाला असे समजावे. युरोप, पश्चिम आशिया आणि भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरील बहुतेक चीज या मार्गाने होतात. भारतात हा मार्ग एका छोट्या पण सुंदर परंपरेने जपला आहे आणि ती महाराष्ट्राच्या शेजारीच, किंबहुना मुंबईत नांदते. सुरतचे निवळीत बुडवून ठेवलेले पनीर आणि पारशी घरांतील टोपलीचे पनीर ही रेनेटने लावलेली चीज आहेत. वेताच्या इवल्या टोपल्यांत साका पळीने अलगद ओतला जातो, निवळी विणीतून झिरपते, आणि उलटून काढलेल्या मऊ, डुलत्या गोळ्यावर टोपलीची वीण जशीच्या तशी उमटलेली असते. हे पनीर तळता येत नाही, रश्श्यात घालता येत नाही. खारवलेल्या निवळीतून काढून ते तसेच खायचे असते.

रेनेटची परंपरा भारतीय घरांत सर्वदूर का रुजली नाही, याचे उत्तर बहुधा धर्मशास्त्रात शोधले जाते, कारण जठराचा अर्क शाकाहारी घरात चालत नाही. ते कारण खरे आहे, पण पुरेसे नाही. उष्ण हवेत दूध टिकवण्यासाठी ते उकळणे ही येथील प्रत्येक घराची पहिली गरज आहे, आणि उकळलेल्या दुधावर रेनेट नीट चालत नाही, कारण उष्णतेने केसीनला चिकटलेली प्रथिने विकराला कापायची जागाच झाकून टाकतात. ज्या चुलीवर दूध रोज उकळते तेथे आम्लाचा संप्रदाय वाढणे हे दुधाच्या स्वभावातूनच आलेले आहे. शिवाय शाकाहाराची अडचण सोडवणारे पर्यायही जुने आहेत. अश्वगंधेच्या कुळातील, सिंध-पंजाब-अफगाणिस्तानकडे वाढणाऱ्या एका झुडपाची वाळलेली फळे दूध साकळवतात, आणि काष्ठौषधींच्या दुकानात ती आजही पनीर फूल या नावाने मिळतात. अंजिराचा चीकही हेच काम करतो. वनस्पतिजन्य विकरे मात्र केसीनला नेमक्या एका जागी न कापता अनेक ठिकाणी तोडतात, त्यामुळे प्रमाण थोडे चुकले तरी चीज कडवट होते. आता बुरशीपासून मिळवलेले रेनेट सहज उपलब्ध असल्याने नवशिक्याने त्याचाच वापर करावा, हा पुस्तकाचा सल्ला रास्त आहे.

तिसरा संप्रदाय संथ आंबवण्याचा आहे. त्यात आम्ल बाहेरून घातले जात नाही. विरजणातील जिवाणू दुधातील शर्करेपासून ते रात्रभर तयार करतात. जर्मनीचे क्वार्क, रशिया व पूर्व युरोपातील त्वारोग, आणि लेबनॉन-सीरियाकडील टांगलेल्या दह्याचे लबने ही त्याची प्रसिद्ध रूपे आहेत. गुढीपाडव्याच्या आदल्या संध्याकाळी ज्या घरात दह्याचे गाठोडे नळाला किंवा खुंटीला टांगले जाते आणि खाली ठेवलेल्या पातेल्यात थेंब थेंब पाणी पडत राहते, त्या घराला हा संप्रदाय कोणी शिकवण्याची गरज नाही. चक्क्यात साखरेऐवजी मीठ, वाटलेली हिरवी मिरची, जिरे किंवा लसूण घातली की भाकरीला लावायला उत्तम ताजे चीज तयार होते, आणि महाराष्ट्रातील घरासाठी चीज करण्याचा सर्वांत सोपा, सर्वांत कमी खर्चाचा मार्ग तोच आहे. चक्क्याला चीजच्या पंक्तीत बसवणे काही शुद्धिवाद्यांना खटकेल, परंतु कृती, रचना आणि उपयोग या तिन्ही बाजूंनी तो त्या पंक्तीतलाच आहे. खरवसाचे तसे नाही: चिकातील निवळीची प्रथिने केवळ उष्णतेने बसतात, पाणी वेगळे काढले जात नाही, म्हणून या पुस्तकाने तो बाजूला ठेवला आहे.

याशिवाय काही उपशाखा आहेत. रेनेटने केलेल्या चीजची गोड निवळी पुन्हा 80-90 अंशांपर्यंत तापवून तिच्यात उरलेली प्रथिने गोळा केली की इटलीची रिकोटा होते. दार्जिलिंग, सिक्कीम आणि नेपाळकडची मऊ छुर्पी ताक तापवून करतात. साक्याला योग्य तितकी आम्लता येऊ देऊन तो गरम पाण्यात ताणला की मोझरेला, आणि जम्मूकडील गुज्जर-बकरवाल पशुपालकांची कलारी याच ताणण्याच्या युक्तीची आहे. तव्यावर ती स्वतःच्याच तुपात खरपूस होते.

या साऱ्याचा इतिहास फार मागे जातो. पोलंडमधील कुयावी प्रदेशात सापडलेल्या, सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या छिद्रे असलेल्या मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांत दुधाच्या स्निग्धाचे अंश मुरलेले आहेत हे 2012 साली सिद्ध झाले, आणि ती भांडी साका गाळण्याच्या चाळण्या होत्या हे त्यामुळे जवळजवळ निश्चित झाले. ज्या काळच्या माणसांना प्रौढपणी दूध पचत नव्हते त्यांना निवळीबरोबर बरीचशी दुग्धशर्करा काढून टाकणारे हे तंत्र किती मोलाचे वाटले असेल याची कल्पना करता येते. पहिल्या शतकात रोमन लेखक कोलुमेला याने शेतीवरील ग्रंथात रेनेट, अंजिराचा चीक आणि काटेरी वनस्पतींची फुले यांनी दूध साकळवण्याची माहिती व्यवस्थित नोंदवून ठेवली आहे.

भारताच्या बाबतीत मात्र एक समज इतका घट्ट बसला आहे की त्याची दखल घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आर्यांच्या परंपरेत दूध मुद्दाम फाडणे निषिद्ध होते आणि सतराव्या शतकाच्या सुमारास पोर्तुगीजांनी बंगालला ते शिकवले, असे मत खाद्येतिहासकार के. टी. अचया यांनी मांडले आणि ते सर्वत्र उचलले गेले. मथुरेचा पेढा खव्याचा असतो, छेन्याचा नाही, आणि उत्तरेकडच्या देवघरांत फाटलेल्या दुधाबद्दल अढी होती, एवढे त्यात तथ्य आहे. हुगळीकाठी पोर्तुगीज वस्त्या होत्या, बंडेल गावाच्या नावाचे लहान, खारे, कधी धुरावलेले चीज त्या संपर्काची खूण म्हणून आजही कोलकात्यात मिळते, आणि सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी बर्निये बंगालमधील पोर्तुगीजांच्या मिठाईची वाखाणणी करतो. पण त्या मिठाईत छेना होता असे तो म्हणत नाही. आणि निषेधाचे मत सर्वांत अडखळते ते खुद्द वैदिक यज्ञापाशी. चातुर्मास्य यागांतील वैश्वदेव पर्वात तापलेल्या दुधात दही घालून ते फाडण्याचा विधी आहे. त्या साक्याला आमिक्षा आणि निवळीला वाजिन असे नाव आहे, आणि दोन्ही वेगवेगळ्या देवतांना अर्पण केली जातात. पूर्वमीमांसेत तर या क्रियेचे प्रयोजन आमिक्षा की वाजिन, असा स्वतंत्र वाद उभा करून आमिक्षा हे प्रयोजन आणि वाजिन हे आनुषंगिक, असा निर्णय दिलेला आहे. जी गोष्ट निषिद्ध असते तिच्या मुख्य आणि गौण फलांवर शास्त्रकार इतक्या बारकाईने चर्चा करीत नाहीत.

आयुर्वेदाची साक्षही याच बाजूची आहे. चरक-सुश्रुतांच्या परंपरेत किलाट, कूर्चिका, मोरट असे फाटलेल्या दुधाच्या पदार्थांचे शब्द येतात, आणि सोळाव्या शतकातील भावप्रकाश तक्रपिंडाची जी व्याख्या देतो ती पनीरची कृती म्हणून आजही वापरता येईल: दही किंवा ताक घालून फाडलेले दूध चांगल्या कापडात बांधून त्यातील द्रव काढून टाकायचा. निवळीला तेथे मोरट म्हटले आहे. मराठी वाचकाच्या दृष्टीने याहून जवळचा पुरावा मानसोल्लासाचा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 1129 च्या सुमारास सिद्ध केलेल्या आणि मराठीचे अगदी जुने नमुने जपणाऱ्या या ग्रंथात, उकळत्या दुधात आंबट घालून, साका गाळून, त्यात तांदळाचे पीठ मिसळून, गोळे तळून साखरेत घालण्याची कृती आली आहे. रसगुल्ल्याच्या मालकीवरून बंगाल आणि ओडिशा यांनी अनुक्रमे 2017 आणि 2019 साली भौगोलिक मानांकने मिळवली. त्या वादात दख्खनच्या या पाककृतीची आठवण फारशी कोणी काढली नाही.

मग पनीर हा शब्द कोठून आला? तो फारसी आहे, इराणात आणि तुर्कस्तानात तो सर्वच चीजना लावला जातो, आणि तेथील पनीर प्रामुख्याने रेनेटचे व मिठाच्या पाण्यात ठेवलेले असते. उपखंडात शब्द तोच राहिला पण वस्तू बदलली. नाव बाहेरून आले आणि कृती येथील चुलीची राहिली, हा या पुस्तकाने काढलेला निष्कर्ष उपलब्ध पुराव्यांशी सर्वांत नीट जुळतो. महाराष्ट्रात पनीर घरोघरी पोचले ते मात्र अलीकडे, फाळणीनंतर दिल्लीत आणि मग इतर शहरांत पसरलेल्या पंजाबी खानावळींच्या मार्गाने. त्यामुळेच आपल्याकडे ते हॉटेलातून घरात आले, घरातून हॉटेलात गेले नाही, आणि ते करायचे नसते तर आणायचे असते अशी समजूत रूढ झाली.

ही समजूत आज महागात पडते आहे. पनीर म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात वनस्पती तेल, स्टार्च आणि दुधाची भुकटी यांपासून केलेल्या नकली मालाची भेसळ ही सरकारी तपासण्यांत वारंवार आढळणारी बाब झाली आहे. अशा पदार्थाला ॲनालॉग म्हणतात, आणि कायद्याने तो पनीर या नावाने विकता येत नाही. भारतीय मानकाप्रमाणे पनीरमध्ये पाण्याचा अंश 60 टक्क्यांपेक्षा जास्त नसावा आणि पाणी वगळून उरलेल्या घन भागात दुधाचे स्निग्ध किमान 50 टक्के असावे. स्टार्च ओळखायला आयोडीनचा एक थेंब पुरतो, डाग निळा-काळा झाला की माल नकली. पण तेलाची भेसळ घरी ओळखता येत नाही. पातेल्यात आपण ओतलेल्या दुधाचे पनीर एवढीच त्यावर खात्रीची कसोटी आहे. दुसरीकडे, दुधाचे दर पडले की छोट्या शेतकऱ्याकडे ते पडत्या भावाने विकण्याखेरीज मार्ग उरत नाही; बचत गटाने अन्न परवान्याची नोंदणी करून त्याच दुधाचे ताजे चीज केले तर किमान स्थानिक बाजारात त्याला वेगळी किंमत मागता येते.

परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांची अडचण आणखी वेगळी आहे. आखातात किंवा युरोपात मिळणारे खोक्यातील टिकाऊ दूध 135 अंशांच्या वर तापवलेले असते आणि त्यावर रेनेट चालत नाही. दुकानातील बहुतेक दूध एकसंध केलेले, म्हणजे स्निग्धाचे थेंब यंत्राने बारीक फोडून साय न येण्याजोगे केलेले असते, त्यामुळे त्याचा साका अशक्त होतो आणि पनीर कापताना भुगा पडतो. 'आईसारखे पनीर येथे होत नाही' ही तक्रार हाताची नाही, दुधाची आहे. एकसंध न केलेले दूध मिळाले तर ते घ्यावे, न मिळाल्यास छेना किंवा चक्क्याकडे वळावे, हे ओळखण्याइतकी माहिती वाचकाच्या हाती देणे या पुस्तकाने कर्तव्य मानले आहे.

पुस्तकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. एक ते पाच लिटर दुधापलीकडचे काहीही यात नाही, आणि मुरवलेले चीज जाणीवपूर्वक वगळले आहे, कारण त्याला लागणारे 10 ते 13 अंशांचे दमट कोठार आपल्या हवेत घरी उभे करणे खर्चाचे आणि जोखमीचे आहे. कच्च्या दुधाच्या चीजचेही समर्थन येथे आढळणार नाही. ताज्या चीजमध्ये ओलावा भरपूर आणि मीठ कमी असल्याने लिस्टेरियासारखे जिवाणू त्यात शीतकपाटातही वाढतात, आणि ब्रुसेला कच्च्या दुधातूनच येतो. म्हणून रेनेटच्या कृतीतही पाश्चरीकृत दूधच सांगितले आहे आणि गर्भवती स्त्रियांसाठी स्वतंत्र सूचना दिल्या आहेत. कृतींपेक्षा कारणे अधिक जागा व्यापतात याची वाचकाला सुरुवातीला अडचण वाटेल. पण कृती पाठ केलेला माणूस दूध बदलले की अडतो आणि कारण समजलेला माणूस अडत नाही, हा विश्वास पुस्तकाच्या रचनेमागे आहे. तापमापक असावा, नसला तरी चालेल, अशी सवलत लेखनात आहे. रेनेटच्या बाबतीत ती सवलत न घेणे बरे, कारण काही अंशांचा फरक बोटाला नेमका कळत नाही.

पहिल्या प्रयोगासाठी वाचकाने एकच लिटर म्हशीचे ताजे दूध, दोन लिंबे आणि धुऊन उकळलेले मलमलचे फडके घ्यावे, आणि एक गोष्ट आवर्जून पाळावी. लिटरभर दुधातून पाऊण लिटरच्या आसपास निवळी निघते. दुधातील बहुतेक शर्करा आणि काही जीवनसत्त्वे व क्षार तिच्यात असतात, आणि तिला हिरवट छटा देणारे रायबोफ्लेविनही. यज्ञातसुद्धा वाजिन टाकून दिले जात नसे, त्याला त्याची देवता होती. ती निवळी मोरीत ओतू नये. त्याच दिवशी तिने पोळ्यांची कणीक भिजवावी किंवा कढीला लावावी, आणि वाटीभर बाजूला ठेवून आंबू द्यावी, म्हणजे उद्याच्या दुधाला लिंबू लागणार नाही.